शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला थीम पार्कला न्यायचे आहे: अनुभव आणि मार्गदर्शन हवे

तापीकाठची (जळगाव)

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून त्याला शेंगदाण्याची आणि काजूची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, जोडीला बाळदमाही आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दीर-जाऊ, नणंद आणि सगळी मुले मिळून आम्ही चौदा जण मुंबईच्या बाजूच्या एका मोठ्या थीम पार्कला जाणार आहोत. एक दिवस कोरड्या खेळांचा आणि एक दिवस पाण्यातील खेळांचा, असा बेत आहे. तिकिटे अजून काढलेली नाहीत, कारण माझे मन धजत नाही.

आपल्या खान्देशात शेंगदाणा टाळून जगणे म्हणजे काय, हे इथे वेगळे सांगायला नको. भरतात शेंगदाणे, ठेच्यात शेंगदाणे, भाजीच्या रश्शात कूट, आणि उपवासाच्या दिवशी तर शेंगदाण्यावाचून पान हलत नाही. घरात आम्ही तो पूर्ण बंद केला आहे. दोन वर्षांपूर्वी अमळनेरकडे एका लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीला बसलो होतो. वांग्याच्या घोटीव भाजीत कूट आहे हे माहीत असल्याने मी ती त्याच्या पानात वाढू दिली नाही. पण वाढप्याने भाजीच्या बादलीतला डाव वरणाच्या बादलीत घातला आणि तेच वरण माझ्या मुलाच्या बट्टीवर पडले. पाचव्या मिनिटाला ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, त्याने दोनदा उलटी केली आणि मग त्याचा आवाज बसू लागला. तो घोगरा आवाज मी अजून विसरलेले नाही. दवाखाना सात किलोमीटरवर होता आणि तो वाचला, एवढेच लिहिते.

तेव्हापासून डॉक्टरांनी अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन जवळ ठेवायला सांगितले असून ते कसे द्यायचे हेही आम्हा दोघांना शिकवले आहे. प्रश्न पुढचे आहेत. अशा ठिकाणी बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. मग मुलाने दिवसभर काय खायचे? खेळात बसताना पिशवी लॉकरमध्ये ठेवावी लागते. मग इंजेक्शन कुठे ठेवायचे? आणि जळगावचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. त्या उन्हात औषध कसे टिकवायचे? सासूबाईंचे म्हणणे, “एक दाणाघाई काय व्हनार शे?” त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण त्या पंगतीच्या दिवशी त्या गावी नव्हत्या. ज्यांनी असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

फैजपूरकर आबा

ताई, मुलाच्या जिवाशी गाठ असताना हा हट्ट कशासाठी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आमच्या वेळी शाळेची सहल गोराईच्या एस्सेलवर्ल्डला जात असे, तेव्हा ज्या मुलाची प्रकृती नाजूक असे, त्याला पालक घरी ठेवून घेत. दुसरे असे की, आमच्या भागात लहान बाळालाही शेंगदाण्याचे दूध, कूट घातलेली पेज चाटवत आणि अशी अ‍ॅलर्जी आम्ही कधी पाहिली नाही. रोज चिमूटभर कूट देऊन सवय केली तर शरीर स्वीकारणार नाही का?

बालवैद्य (धुळे)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे लिहिलेले वाचून कुणी स्वतःच्या डॉक्टरांना डावलू नये, ही विनंती करून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम आबांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल, कारण त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. २०१५ साली ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अ‍ॅलर्जीचा धोका अधिक असलेल्या चार ते अकरा महिन्यांच्या बाळांपैकी ज्यांना नियमितपणे शेंगदाण्याचे पदार्थ दिले गेले, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे बाळाला कूट चाटवण्याची जुनी रीत चुकीची नव्हती. मात्र ही गोष्ट अ‍ॅलर्जी होण्याआधीची आहे. ज्या मुलाला एकदा गंभीर प्रतिक्रिया येऊन गेली, त्याला घरी चिमूटभर कूट देणे हा जिवावरचा प्रयोग आहे. थोड्या थोड्या मात्रेने सहनशक्ती वाढवण्याची उपचारपद्धती आहे, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आणीबाणीची सर्व सामग्री हाताशी ठेवून करतात.

आता ताईंच्या प्रश्नांकडे वळतो. अशा गंभीर प्रतिक्रियेला आम्ही अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतो आणि तिच्यावर पहिले औषध एकच, ते म्हणजे अ‍ॅड्रिनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत द्यायचे असते. पुष्कळ पालक आधी खाजेची गोळी देऊन वाट पाहतात. त्या गोळीने अंगावरच्या गांधी बसतात, म्हणून बरे वाटल्याचा भास होतो, पण श्वासनलिकेची सूज आणि रक्तदाबाची घसरण तिने थांबत नाही. अंगावर गांधी आणि त्यासोबत उलटी, किंवा गांधी आणि आवाजात बदल, खोकला, धाप, अशी दोन ठिकाणची लक्षणे एकदम दिसली की थांबू नये. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असे जे अ‍ॅम्प्यूल (औषधाची छोटी बंद काचेची कुपी) मिळते, त्यातून दर किलोमागे ०.०१ मिलिलिटर, आणि लहान मुलांत जास्तीत जास्त ०.३ मिलिलिटर, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. परंतु आपल्या मुलासाठी सिरिंजवर खूण आपल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावी आणि वजन वाढेल तशी ती बदलून घ्यावी. पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही, तर दुसरी मात्रा द्यावी लागते, म्हणून किमान दोन मात्रा सोबत हव्यात. परदेशात मिळणारे पेनसारखे स्वयंचलित इंजेक्टर आपल्याकडच्या मेडिकलवर सहजासहजी मिळत नाहीत, त्यामुळे अ‍ॅम्प्यूल फोडून औषध सिरिंजमध्ये ओढण्याचा सराव घरी जुन्या, मुदत संपलेल्या अ‍ॅम्प्यूलवर करावा. हात थरथरत असताना ते पहिल्यांदा करून पाहण्याची वेळ येऊ नये.

थीम पार्कमध्ये एक चूक होण्याचा संभव फार असतो. मुलाला त्रास होऊ लागला की पालक त्याला उचलून किंवा चालवत प्रथमोपचार केंद्राकडे धावतात, आणि ते केंद्र बहुधा प्रवेशद्वाराजवळ असते. रक्तदाब खाली गेलेल्या मुलाला एकदम उभे करणे किंवा चालवणे अत्यंत धोक्याचे आहे. त्याला आहे तिथेच, रांगेत असला तर रांगेतच, आडवे करावे आणि पाय थोडे उंच ठेवावेत. धाप लागत असेल तर पाय पसरून बसू द्यावे आणि उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. मुलाला औषधाकडे न्यायचे नाही, औषध मुलाकडे आणायचे. इंजेक्शन दिल्यानंतर १०८ वर फोन करावा. बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच, कारण काही तासांनी पुन्हा लाट येऊ शकते.

आणखी एक गोष्ट पालकांना सहसा कुणी सांगत नाही. झोप झालेली नसणे, ऊन, ताप आणि जोराचा व्यायाम यांमुळे अ‍ॅलर्जी कमी मात्रेनेही उसळू शकते. रात्रभर रेल्वेचा प्रवास, पहाटे अर्धवट झोपेत उतरणे आणि दहा वाजता उन्हात पळापळ, हा आपल्या लोकांचा नेहमीचा क्रम नेमका घातक आहे. एक दिवस आधी पोहोचावे, मुलाला पोटभर झोपू द्यावे. बाळदमा आटोक्यात नसेल तर प्रतिक्रिया अधिक गंभीर होते, म्हणून रोजचा पंप निघण्याआधी एक दिवसही चुकवू नये. काही अंधाऱ्या खेळांत कृत्रिम धूर सोडतात. धाप लागताच घ्यायचा निळा पंप आणि त्याला जोडायची नळी (स्पेसर) खिशातच हवेत.

पाचोऱ्याचा आचारी

मी चार वर्षे अशाच एका पार्कच्या मुख्य स्वयंपाकघरात कामाला होतो, सध्या गावी स्वतःचे केटरिंग आहे. ताईंनी खाण्याबद्दल विचारले आहे, तर आतली गोष्ट सांगतो.

मोठ्या स्वयंपाकघरात प्रत्येक भाजी वेगळी शिजत नाही. सकाळीच लाल, पिवळी आणि पांढरी अशा ग्रेव्ह्यांचे मोठे टोप तयार होतात आणि दिवसभर त्यांतूनच पनीरच्या सगळ्या भाज्या निघतात. पांढऱ्या ग्रेव्हीत काजू आणि मगज (खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बिया) असतात, आणि जिथे खर्चाची ओढाताण असते, तिथे काजूच्या जागी भाजलेले शेंगदाणे वाटून घालतात. चव झाकली जाते, खाणाऱ्याला कळत नाही. काउंटरवरच्या मुलाला “यात शेंगदाणे आहेत का?” असे विचारले तर तो खरे मनापासून “नाही” म्हणेल, कारण त्याला तो टोप भरताना कधी दिसलेलाच नाही. म्हणून प्रश्न काउंटरवर विचारू नये. मुख्य आचाऱ्याला भेटायचे आहे असे सांगावे, आणि तेही साडेअकराच्या आत, कारण त्यानंतर त्याला मान वर करायला सवड नसते. त्याला “शेंगदाणे आहेत का” असे न विचारता “ही ग्रेव्ही कशात वाटली, तळणीचे तेल कोणते, या कढईत आधी काय तळले आणि झारा कोणता वापरता” असे विचारावे. नीट विचारणाऱ्या माणसाला आचारी नीट उत्तर देतो, हा माझा अनुभव आहे.

बटाट्याच्या सळ्या निर्धोक वाटतात, पण त्याच कढईत काजूचे सारण भरलेले कटलेट तळले जाते. आइस्क्रीमचा चमचा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरतो आणि पाण्याच्या भांड्यात नुसता बुचकळला जातो. मुलासाठी मागायचेच असेल तर साधा भात, कंपनीच्या बंद कपातले दही, न सोललेले केळे आणि बंद पाकिटातले पदार्थ, एवढ्यावरच राहावे. तेलाबद्दल सांगायचे तर, रिफाइंड शेंगदाणा तेलात अ‍ॅलर्जी उठवणारे प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण आपल्याकडच्या लाकडी घाण्याच्या तेलात ते राहते. घाण्याचे तेल आरोग्याला चांगले म्हणून हल्ली पुष्कळ ठिकाणी अभिमानाने वापरतात, तेव्हा तेही विचारावे.

चोपडेकर

वरच्या प्रतिसादाला जोडून पाकिटावरच्या मजकुराबद्दल लिहितो, कारण माझे किराणा दुकान आहे आणि हे रोज पाहण्यात येते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार बंद पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेव्याची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांचा उल्लेख करावाच लागतो. या यादीत तीळ नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ या यादीत आला आहे, आपल्याकडे नाही; म्हणून ज्यांच्या मुलांना तिळाचा त्रास आहे, त्यांनी घटक पदार्थांची संपूर्ण ओळ वाचल्याशिवाय पाकीट घेऊ नये. दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना ही माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे, त्यामुळे पार्कमध्ये अशा साखळीतले दुकान असेल तर तिथे माहितीचा तक्ता हक्काने मागावा. सुटे फरसाण, चिक्की आणि स्टेशनवर मिळणारा चिवडा यांवर कसलेच लेबल नसते. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

शहादेकर मामा

आमचा प्रश्न वेगळा आहे, पण ताईंचा धागा वाचून लिहावेसे वाटले. माझ्या भाचीला सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार आहे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हा आजार घरोघरी परिचयाचा आहे, आणि २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासणीही वाढली आहे. ती चौदा वर्षांची आहे, त्यावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज नेमाने घेते. मागच्या वर्षी शाळेची सहल एका वॉटर पार्कला गेली. तिने मैत्रिणींसोबत रेन डान्सच्या थंड पाण्यात तासभर घालवला, मग ओल्या कपड्यांनी वाऱ्यात जेवायला बसली, आणि लघवीला पुन्हा पुन्हा जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी प्यायलीच नाही. रात्री बसमध्येच पाय आणि कंबर धरली. पुढचे चार दिवस सलाईनवर गेले. गार पाणी, शरीरातील पाण्याची कमतरता आणि अतिश्रम, दुखण्याची लाट उठवणारी ही तिन्ही कारणे त्या एका दिवसात एकत्र आली, आणि शिक्षकांना ते ठाऊकच नव्हते, कारण आम्ही सांगितले नव्हते. ती चूक आमची होती.

सिकलसेलच्या मुलांची मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यामुळे त्यांना वारंवार जावे लागते आणि पाणीही तितकेच जास्त लागते. स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी पाहून ठेवणे, ही आमच्यासाठी पहिली गोष्ट आहे. यंदा मी स्वतः तिला नेले. दुपारच्या उन्हात, कोमट झालेल्या उथळ तळ्यात वीस मिनिटे, लगेच अंग कोरडे करून सुके कपडे, मग सावलीत विश्रांती आणि पाणी, असे तीनदा केले. ती फार खूश होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढून ठेवले असेल तर रांगेऐवजी सावलीत बसण्याची सोय मागताना बोलणे सोपे जाते. अ‍ॅलर्जी त्या यादीत नाही, त्यामुळे ताईंना डॉक्टरांच्या पत्रावरच भिस्त ठेवावी लागेल.

भुसावळची आई

माझ्या मुलीला टाइप-१ मधुमेह आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझ्या पदरचा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी इन्सुलिन उन्हाने खराब होईल या भीतीने मी ते बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवले. ते गोठले. गोठलेले इन्सुलिन वितळले की दिसायला पूर्वीसारखेच दिसते, पण त्याचा गुण गेलेला असतो. दिवसभर मुलीची साखर साडेतीनशेच्या खाली येईना आणि कारण समजेना. तेव्हापासून बर्फाला औषध टेकवत नाही. आम्ही ओल्या कापडाच्या तत्त्वावर चालणारी थंड पिशवी वापरतो. ती पाण्यात भिजवली की आतली भुकटी फुगते आणि बाष्पीभवनाने आत गारवा राहतो, आपल्या माठासारखाच. घरी वीज गेली तर खरोखरच छोट्या माठात डबी ठेवतो. अ‍ॅड्रिनॅलिन फ्रीजमध्ये ठेवायचे नसते, पण पंचवीस अंशांपुढची उष्णता आणि उजेड त्याला सोसत नाही, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. उभ्या गाडीच्या डिकीत तर ते दहा मिनिटेही ठेवू नका.

फैजपूरहून ऑर्लँडोला

आबा माझ्या गावचे आहेत, त्यांना नमस्कार. मी फ्लोरिडात राहतो. इथले डिस्ने पार्क १९७१ साली सुरू झाले. माझ्या मुलीला अंडी आणि काजू-पिस्ते चालत नाहीत, आणि आम्ही तिथे अनेकदा गेलो आहोत. जेवणाच्या ठिकाणी अ‍ॅलर्जीचा वेगळा मेनू मागता येतो, त्याबद्दल माहिती असलेला माणूस स्वतः बोलायला येतो, आणि काचेची भांडी वगळता घरचे खाणे आत नेऊ देतात. प्रथमोपचार केंद्रात औषध थंड जागी ठेवायला देता येते. तरीही “हे अन्न पूर्णपणे अ‍ॅलर्जीमुक्त असेल अशी हमी देता येत नाही” असे तेही स्पष्ट सांगतात, आणि मला तो प्रामाणिकपणा जास्त मोलाचा वाटतो. तुम्ही तिकडच्या पार्ककडे याच गोष्टी ईमेलने लेखी मागा. लेखी होकार असल्याशिवाय तिकिटे काढू नका.

तापीकाठची (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. पार्कला ईमेल पाठवला, आठ दिवसांनी पुन्हा पाठवला, मग फोन केला आणि शेवटी लेखी परवानगी मिळाली: एका मुलापुरते घरचे अन्न, औषधांची पिशवी आणि सिरिंज आत नेता येतील. आज तिकिटे काढली. आल्यावर लिहीन.

तापीकाठची (जळगाव)

आम्ही परवा सुखरूप परतलो. जे घडले ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल. पार्कचे नाव लिहीत नाही.

निघालो त्या दिवशी जळगावचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे होता. दोन अ‍ॅम्प्यूल, खुणा केलेल्या तीन सिरिंज, सुया आणि कापूस हे सगळे मुलाच्या जुन्या कंपासपेटीत बसवले. अ‍ॅम्प्यूलभोवती कापूस असा दाबून भरला की पेटी हलवल्यावर आवाज येऊ नये. ती पेटी भिजवलेल्या थंड पिशवीत आणि ती पिशवी माझ्या गळ्यात. तिच्यावर लाल अक्षरांत मुलाचे नाव, वजन, मात्रा आणि “मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यावे” एवढेच लिहिले होते, कारण मी नसताना दुसऱ्या कुणाला ते उघडावे लागले तर वाचत बसायला वेळ नको.

रात्रीच्या गाडीत वातानुकूलित डब्यात जागा होती. बर्थखाली आधीच्या प्रवाशाने खाल्लेल्या शेंगांची टरफले होती आणि रेक्झिनच्या शिवणीत लालसर साले अडकलेली होती. हात जंतुनाशकाने पुसले तर शेंगदाण्याचे प्रथिन जात नाही, ते साबण-पाण्याने किंवा ओल्या कपड्याने पुसूनच जाते, हे डॉक्टरांनी बजावले होते. आम्ही टरफले कागदात गोळा केली, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने तो बर्थ, खिडकी आणि पाण्याच्या बाटलीची जाळी दोनदा पुसली, वर घरची चादर अंथरली. समोरच्या बर्थवर नाशिकला उतरणाऱ्या एक आजी होत्या. त्यांना कारण सांगितल्यावर त्यांनी आपली चिवड्याची पुडी उघडलीच नाही, ती तशीच पिशवीत ठेवून दिली. बालवैद्य सरांचे ऐकून कल्याणला उतरल्यावर तो दिवस नातेवाइकांकडे विश्रांतीत घालवला.

पार्कच्या फाटकावर तपासणीत अडचण आली. सुरक्षारक्षकाने घरचा डबा बाजूला काढला. ईमेलची छापील प्रत दाखवूनही “मला असे काही कळवलेले नाही” असे तो म्हणत राहिला. वरिष्ठांना बोलावून घेण्यात चाळीस मिनिटे उन्हात गेली. परवानगी देणारे कार्यालय आणि फाटकावरचा माणूस यांच्यात निरोप पोहोचत नाही, हे मला फार लागले, कारण माझ्याजागी एखादी बुजरी आई असती तर तिने डबा बाहेर ठेवला असता आणि मुलाला आत मिळेल ते खाऊ घातले असते. ईमेल ज्यांनी पाठवला त्यांचे नाव आणि फोन नंबर प्रतीवर असू द्या.

डब्यात दुधात मळलेल्या दशम्या, लसूण-खोबऱ्याची कोरडी चटणी आणि उकडलेले बटाटे होते. पाचोऱ्याच्या दादांच्या सांगण्याप्रमाणे अकरा वाजता मुख्य आचाऱ्यांना भेटले. त्यांनी पांढऱ्या ग्रेव्हीत काजू आहेत असे स्वच्छ सांगितले, तळणीचा डबा दाखवला आणि मुलासाठी नव्या पातेल्यात साधा भात लावून दिला. इतर मुले ताटे घेऊन बसलेली असताना त्यालाही गरम वाफाळते काही मिळाले, याचा त्याला किती आनंद झाला हे कसे सांगू?

खेळांच्या ठिकाणी पिशवी बरोबर घेऊन बसू देत नाहीत, आणि वेगाच्या खेळात सुटी वस्तू उडून कुणाला लागू शकते, हे कारण पटण्यासारखे आहे. म्हणून आम्ही पिशवी लॉकरमध्ये ठेवलीच नाही. मी आणि मुलाचे वडील आळीपाळीने खेळात बसलो. जो खाली राहील त्याने पिशवी घेऊन उतरण्याच्या दाराशी उभे राहायचे. लॉकर आमच्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होते, आणि त्या पंगतीत आवाज बसायला दहा मिनिटेही लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी पाण्यात कंपासपेटी जलरोधक पारदर्शक पाकिटात घालून मी स्वतःजवळच ठेवली.

पहिल्या दिवशी दुपारी चार वाजता एक प्रसंग घडला. एका खेळातून उतरल्यावर मुलाने उजव्या तळव्याकडे पाहत “आई, खाजतंय” म्हटले. खेळाच्या आडव्या दांड्याला चिकटपणा होता. आधी बसलेल्या कुणी चिक्की खाल्लेली असावी. तळव्यावर आणि मनगटावर चार-पाच गांधी होत्या. त्याने तो हात तोंडाला किंवा डोळ्याला लावला नव्हता, ही त्याला दिलेली शिकवण त्याने पाळली. आम्ही तिथेच त्याला बसवले, सोबतच्या बाटलीतल्या पाण्याने आणि साबणाने हात दोनदा धुतला, आणि मी पेटी उघडून मांडीवर घेऊन बसले. आवाज, श्वास, पोट, सगळे विचारत राहिले. त्याच्या वडिलांनी घड्याळ लावले. अर्ध्या तासात गांधी उतरल्या, दुसरे कोणतेही लक्षण आले नाही, इंजेक्शनची गरज पडली नाही. तरी पुढचे दोन तास आम्ही सावलीत बसूनच काढले. त्यानंतर प्रत्येक खेळात बसण्याआधी दांडा ओल्या फडक्याने पुसला.

सासूबाई आमच्यासोबत होत्या. ते दोन तास त्या त्याच्या शेजारी बसून होत्या आणि दर पाच मिनिटांनी त्याचा तळवा उलटून पाहत होत्या.

फैजपूरकर आबा

ताई, सविस्तर लिहिलेत, फार बरे केलेत. डॉक्टरसाहेबांचे उत्तरही मला पटले. माझ्या पुतण्याच्या मुलीला दुधाची अशीच अ‍ॅलर्जी आहे आणि ती लग्नकार्याला येऊच शकत नाही. ती लाल अक्षरांची चिठ्ठी आणि पार्कला पाठवलेल्या पत्राचा मजकूर इथे देता येईल का?

तापीकाठची (जळगाव)

आबा, अवश्य. पत्रात एवढेच होते: “माझ्या नऊ वर्षांच्या मुलास शेंगदाणे व काजू यांची जीवघेणी अ‍ॅलर्जी असून सोबत डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. त्याच्यापुरते घरचे अन्न, इंजेक्शनची औषधे, सिरिंज व दम्याचा पंप आत नेण्याची लेखी परवानगी द्यावी. प्रथमोपचार केंद्राची जागा, तेथे अ‍ॅड्रिनॅलिन आहे किंवा नाही, आणि सर्वांत जवळच्या रुग्णालयाचे नाव कळवावे. फाटकावरील कर्मचाऱ्यांना याची सूचना द्यावी.” शेवटचे वाक्य पुढच्या वेळी मी पहिले लिहीन. पुतण्याच्या मुलीसाठी शेंगदाण्याच्या जागी दूध, तूप, खवा, पनीर अशी नावे स्पष्ट लिहावीत. आपल्याकडे तुपाला दूध समजत नाहीत.

भुसावळची आई

ताई, इतका प्रवास आणि ऊन सोसलेली ती अ‍ॅम्प्यूल आता पुन्हा वापरायची का?

तापीकाठची (जळगाव)

हेच मी आल्याबरोबर डॉक्टरांना विचारले. औषध पाण्यासारखे नितळ हवे. त्याला गुलाबी किंवा तपकिरी छटा आली किंवा कण दिसले तर ते फेकून द्यावे, असे त्यांनी सांगितले. आमची नितळ होती, तरी परतीच्या प्रवासात थंड पिशवी कोरडी पडली होती, म्हणून त्यांनी दोन्ही बदलायला लावल्या. जुन्या आता सरावासाठी ठेवल्या आहेत. काल संध्याकाळी त्यांतली एक सासूबाईंनी फोडून पाहिली आणि खुणेपर्यंत औषध ओढले.

बालवैद्य (धुळे)

आजींना माझा नमस्कार सांगा. दुसरी अ‍ॅम्प्यूल पुढच्या महिन्यात त्यांच्याकडूनच पुन्हा फोडून घ्या.